झाडबेडकाचे नाव आणि प्रदेश कसा पडताळावा

पावसाळा लागला की मोबाइलवर बेडकांची छायाचित्रे फिरू लागतात आणि त्यांत एखादा हिरवा, ठिपकेदार, अंधारात चमकणारा बेडूक ‘गडचिरोलीच्या जंगलात सापडला’ अशा मजकुरासह हमखास येतो. गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत किंवा शाळेच्या प्रकल्पात ही नोंद उतरवण्याआधी त्याचे नाव आणि प्रदेश, दोन्ही तपासावेत.

असे चित्र बहुधा बोआना पंक्टाटा (Boana punctata) या दक्षिण अमेरिकेतील झाडबेडकाचे असते. अतिनील प्रकाशात तो निळसर-हिरवा चमकतो, हे अर्जेंटिनातील संशोधकांनी 2017 साली दाखवून दिले आणि तेव्हापासून त्याचे चित्र जगभर पसरले. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने उभयचरांची जागतिक सूची सर्वांसाठी खुली ठेवली आहे. तिच्यात रोमन लिपीतील नाव टाकून शोध घ्यावा.

नावापुढे ‘(श्नायडर, 1799)’ असे, म्हणजे प्रजातीचे पहिले वर्णन करणाऱ्याचे नाव आणि वर्णनाचे साल, दिसेल. कंसाकडे दुर्लक्ष करू नये, कारण वर्णनकर्त्याचे नाव कंसात असणे म्हणजे ती प्रजाती त्याने मुळात वेगळ्या वंशात (जवळच्या प्रजातींच्या गटात, ज्याचे नाव आधी लिहितात) ठेवली होती, असा संकेत आहे. श्नायडरने हा बेडूक कॅलॅमिटा या वंशात ठेवला. पुढे तो दीर्घकाळ हायलामध्ये राहिला, 2005 साली हिप्सिबोअसमध्ये गेला, आणि बोआना हे 1825 चे नाव हिप्सिबोअस या 1830 च्या नावाहून जुने असल्यामुळे 2017 पासून ते पुन्हा वापरात आले. म्हणून जुन्या पुस्तकात वेगळे नाव दिसले तर ती वेगळी प्रजाती समजू नये. सूचीतील जुन्या नावांची यादी वरपासून खालपर्यंत वाचावी.

खरी गफलत ‘हायला’ या नावापाशी होते. आपल्याकडे न्हाणीच्या भिंतीला किंवा रांजणामागे चिकटून बसणारा तपकिरी झाडबेडूक पॉलिपेडेटिस मॅक्युलेटस होय, आणि 1830 साली ग्रे या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने त्याचेही वर्णन हायला मॅक्युलाटा म्हणूनच केले होते. बोटांच्या टोकांच्या चकत्या पाहून त्या काळी दोघे एकाच वंशात गेले. प्रत्यक्षात बोआना हायलिडी कुळातला आणि आपला बेडूक ऱ्हॅकोफोरिडी कुळातला आहे. ऱ्हॅकोफोरिडी आशिया व आफ्रिकेत आढळते, दक्षिण अमेरिकेत नाही. हायलिडीचे भारतातील अस्तित्व ईशान्येकडे आहे. त्यामुळे विदर्भातील जुन्या नोंदीत ‘हायला’ दिसल्यास तो बहुधा न्हाणीतलाच बेडूक असतो.

आता प्रदेश पाहावा. बोआना पंक्टाटा ॲमेझॉन खोऱ्यात, गयाना प्रदेशात, त्रिनिदाद बेटावर आणि दक्षिणेला पॅराग्वे व उत्तर अर्जेंटिनाच्या चाको प्रदेशापर्यंत आढळतो. प्रजाती कोठे आढळते हे दाखवणाऱ्या नकाशावर रंगवलेला पट्टा हा अंदाज असतो, प्रत्यक्ष नोंदींचे ठिपके हा पुरावा; म्हणून ठिपके आधी पाहावेत. एवढ्या विस्तृत प्रदेशावर एकच नाव असेल तर त्याखाली एकाहून अधिक प्रजाती दडलेल्या असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे. नकाशात विदर्भ कोठेच नाही, एवढ्यावर मोबाइलवरचा दावा निकाली निघतो.

स्वतःची नोंद करताना पाठीचे एकच छायाचित्र पुरत नाही. मांडीची मागची बाजू दिसेल असे छायाचित्र घ्यावे. पॉलिपेडेटिस मॅक्युलेटसमध्ये तेथे गडद जाळीत पिवळे गोल ठिपके असतात आणि ओळख पक्की होते. बोडीच्या (लहान तळ्याच्या) काठच्या झुडपावर, पाण्याच्या वर लटकलेला पांढरट फेसाचा गोळा दिसला तर त्याचेही छायाचित्र घ्यावे, कारण या बेडकाची अंडी अशा फेसात असतात. गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ त्याच जागी लिहून घ्यावी. ‘बोडीजवळ’ एवढे लिहिलेली नोंद पुढच्या माणसाच्या कामाची नसते.

बेडूक शक्यतो हाती घेऊ नये. घ्यावाच लागला तर ओल्या, स्वच्छ हाताने घ्यावा; कपाशीवर फवारणी करून आलेल्या हाताने मुळीच नाही, कारण त्याची त्वचा पाण्यासोबत औषधही शोषून घेते.