घरगुती संगतीत साक्ष देताना आणि वचन वाचताना

घरगुती संगतीत, म्हणजे कोणाच्या तरी घरी जमणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या लहान प्रार्थनासभेत, नव्याने येणाऱ्यांना प्रार्थना, भक्तिगीते आणि उपासनेचा क्रम शिकवावा लागत नाही. खरी अडचण साक्ष देण्याची, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले हे सर्वांपुढे सांगण्याची, वेळ आली की सुरू होते. रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून निभावते, परंतु आठ-दहा माणसांच्या खोलीत गप्प बसलेली व्यक्ती सर्वांच्या नजरेत भरते. माझा घसा आजही पाळी येण्यापूर्वी कोरडा पडतो, तेव्हा पुढील मजकूर मुरलेल्या व्यक्तीचा उपदेश समजू नये.

ज्या सापळ्यात मी दीर्घकाळ अडकले होते तो असा, की आपण आपली कथा आधी ठरवतो आणि मग तिला शोभेल असे बायबलमधील वचन शोधतो. नोकरी गेली असताना मी यिर्मया 29:11 (यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील 29व्या अध्यायाचे 11वे वचन) धरून बसले होते, कारण तेथे देवाचे संकल्प हिताचे आहेत असे म्हटले आहे, आणि त्यावरून लवकरच अधिक चांगली नोकरी मिळेल अशी साक्षही दिली. तो अध्याय म्हणजे बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना यरुशलेमेहून पाठवलेले पत्र आहे. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सारे पूर्ववत होईल असे सांगतो, आणि यिर्मया त्याला खोटा ठरवतो. पत्रात तर घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, त्या परक्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा, असा आदेश आहे, आणि अकराव्या वचनाच्या अगदी आधी सत्तर वर्षांची मुदत दिलेली आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. मी मात्र यिर्मयाचे वचन वाचून हनन्याची घाई बाळगत होते. याची खरी किंमत इतर मोजतात: ज्यांच्या घरी प्रार्थना करूनही आजारी माणूस बरा झाला नाही, त्यांना अशी साक्ष ऐकताना आपला विश्वासच उणा पडला असे वाटू लागते.

म्हणून आधी पूर्ण अध्याय वाचावा, कोण कोणाशी आणि कोणत्या प्रसंगी बोलत आहे हे ठरवावे, आणि त्यानंतरच आपले अनुभव मांडावेत. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येणाऱ्या ‘आजचे वचन’च्या चित्रांवर अभ्यास उभा करू नका, मला तो आळस वाटतो, आणि हे मत काहींना कठोर वाटले तरी चालेल. मार्गदर्शक निवडायचा झाल्यास सफाईदार वक्त्यापेक्षा, “हे कुठे लिहिले आहे, बाळा?” असे शांतपणे विचारणाऱ्या आजी मला अधिक भरवशाच्या वाटतात.

साक्ष नाट्यमय असावी लागत नाही. मंडळीतच, म्हणजे चर्चच्या कुटुंबातच, जन्मलेल्या अनेकांना आपल्याजवळ सांगण्यासारखे काहीच नाही असे वाटते, परंतु योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील, येशूने दृष्टी दिलेला मनुष्य पूर्वी आंधळा होतो आणि आता दिसते, एवढेच सांगतो व बाकीच्या प्रश्नांवर आपल्याला ठाऊक नाही असे म्हणतो. प्रेषित पौलही आपल्याला झालेले येशूचे दर्शन ऐकणारे पाहून सांगतो: बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात यरुशलेमेतील जमावापुढे तो गमलिएल या यहुदी धर्मगुरूजवळ झालेले आपले शिक्षण सांगतो, तर 26 मध्ये अग्रिप्पा राजापुढे तेच दर्शन निराळ्या तपशिलांसह मांडतो. आणि ज्याची कथा अजून सुटलेली नाही त्याने स्तोत्र 88 उघडावे; ते अंधारातच संपते, तरीही ती प्रार्थनाच आहे.

एक इशारा मात्र स्पष्ट देते. आपल्या मंडळ्या नात्यांनी जोडलेल्या आहेत. पुण्यात सांगितलेली गोष्ट रविवारपर्यंत अहिल्यानगरला पोहोचते, आणि तीही ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून. दुसऱ्याच्या घरातील भांडण, आजार किंवा कर्ज त्याच्या परवानगीशिवाय साक्षीत आणू नका, आणि संगतीत ऐकलेले बाहेर जाणार नाही हे पहिल्याच बैठकीत सर्वांकडून वदवून घ्या. यजमान हे टाळू लागले, तर काही आठवडे केवळ वचनावर बोलावे आणि स्वतःविषयीचे राखून ठेवावे. त्यात अविश्वास नाही.