साखर की शुगर फ्री? मेडिकलच्या काउंटरवर रोज दिसणाऱ्या या चुका टाळा

आमचं मेडिकल यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात आहे, बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या पंधरा-वीस खेड्यांतले लोक येतात आणि हल्ली त्यातले बरेच जण शुगर फ्रीची डबी मागतात. कोणाला तपासणीत शुगर निघाली, कोणाला वजन कमी करायचंय, कोणी मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. डबी मीच विकतो, पण दोन मिनिटं बोलल्याशिवाय हातात द्यायला मन होत नाही कारण यातल्या काही चुका खरंच जिवावर बेतू शकतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे शुगर फ्रीला औषध समजणं. मागे एक काकाजी आले, म्हणे, "डॉक्टरची गोळी सरली, तं हेच देऊन दे भाऊ, हेबी शुगरचीच आहे नं." नावं सारखी, गोळी बारीक पांढरी, घोळ होणारच. पण शुगर फ्रीची गोळी रक्तातली साखर कमी करत नाही हो, ती फक्त चहा गोड करते. साखर घातली असती तर जी वाढली असती ती तेवढी वाढत नाही, बस. ती घेऊन डॉक्टरची गोळी बंद केली तर शुगर आतल्या आत चढत राहते आणि माणसाला वाटतं आपण पथ्य पाळून राहिलो. त्या दिवशी काकाजींना नीट समजावलं आणि चिठ्ठीवरच्या गोळ्याच दिल्या.

आधी किराण्याची यादी काढा

"आम्ही साखर काही जास्त खात नाही" हे मला रोज ऐकायला मिळतं, आणि लोक खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच अंदाज नसतो. आपल्याकडं साखर गंजात, म्हणजे पातेल्यात, चहासोबतच उकळते, कपात कोणी चमचा मोजत नाही, सकाळी उठल्यावर एक, पाहुणा आला की एक, वावरातून आल्यावर एक. म्हणून चमचे मोजूच नका, महिन्याची साखर मोजा. घरात पाच माणसं आणि महिन्याला सहा किलो साखर लागत असेल तर माणशी दिवसाला ४० ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसभराच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे २००० कॅलरी खाणाऱ्याला ५० ग्रॅम, आणि ५ टक्क्यांवर म्हणजे २५ ग्रॅमवर आणली तर आणखी बरं. २५ ग्रॅमच्या हिशोबानं पाच जणांच्या घराला महिन्याला पावणेचार किलो. त्यात गूळ, मध, कोल्ड्रिंक, पाकीटबंद ज्यूस सगळं आलं. संत्रं सोलून खाल्लं तर ते यात धरत नाहीत, पण त्याचाच रस काढून पेला भरला की त्यातली साखर मोजायची, हे आपल्या संत्र्याच्या भागातल्या लोकांनी नक्की लक्षात ठेवावं.

हा हिशोब केल्याशिवाय शुगर फ्री घेऊ नका, कारण कित्येक घरांत नुसता चहा पाचावरून तीनवर आणला तरी काम होतं आणि डबीचे पैसे वाचतात.

चहा फिका केला, पण सोबत शेव तीच

वजनासाठी डबी नेणाऱ्यांचं इथं चुकतं. समजा दिवसाचे पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे, चमच्यात ५ ग्रॅम धरले तर ५० ग्रॅम साखर आणि तिच्या २०० कॅलरी. शुगर फ्री घातलं, २०० कॅलरी वाचल्या, चांगलंच झालं. पण मग "साखर तं सोडलीच आहे" म्हणून चहासोबत मूठभर शेव जास्त खाल्ली, ४० ग्रॅमच्या आसपास, की तेवढ्याच कॅलरी परत पोटात. टोस्ट, खारी, बिस्किट, रात्रीचा भाताचा ढीग यांना डबीनं काहीच फरक पडत नाही.

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सरळ सांगितलं की वजन आटोक्यात ठेवायला शुगर फ्रीसारखे साखरेऐवजी गोडी आणणारे पदार्थ वापरू नका, लांबच्या काळात चरबी कमी झाल्याचं दिसत नाही. थोड्या महिन्यांच्या अभ्यासात वजन जरासं उतरलेलं दिसतं, पण वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत फायदा दिसत नाही. मात्र हा सल्ला ज्यांना आधीच डायबिटीस आहे त्यांच्यासाठी नव्हता. हे नीट समजून घ्या, कारण अर्धीच बातमी वाचून शुगरवाल्या काही लोकांनी डबी फेकली आणि परत साखरेचा चहा चालू केला, ते चूक झालं. शुगर असलेल्या माणसाला गोडाशिवाय चहा जातच नसेल तर साखरेपेक्षा गोळी बरी, असं माझं मत आहे.

गंजात टाकलं आणि गोडच लागेना

ही तक्रार घेऊन बायका येतात, की डबीच खराब निघाली. डबी खराब नसते. मागे घटक वाचा. गोडीसाठी अॅस्पार्टेम घातलेलं असेल तर ते उकळीत टिकत नाही, तुटतं आणि गोडवा जातो, मग लोक एकाच्या जागी चार गोळ्या टाकतात. चहा कपात ओतल्यावर गोळी टाकायची. सुक्रालोज आणि स्टीव्हिया उष्णतेत बऱ्यापैकी टिकतात. सॅकरिनही टिकतं पण मागून जिभेवर कडू चव राहते, ते फार जुनं आहे, १८७९ साली सापडलेलं. अॅस्पार्टेम साखरेच्या २०० पट गोड आणि सुक्रालोज ६०० पट, त्यामुळं यांची पावडर चमच्यानं साखरेसारखी भरून टाकायची नाही. आणि लहान पोरांच्या दुधात हे घालू नका, डबीवरच लिहिलेलं असतं की मुलांसाठी नाही.

गूळ चालते, हे कोणी सांगितलं?

मला सगळ्यात जास्त वाद याच्यावर घालावा लागतो. गुळाचा चहा आता रस्त्यावर पाट्या लावून विकतात आणि शुगरवाले तिथं बिनधास्त दोन-दोन कप पितात. गुळातही बहुतेक भाग साखरच आहे, १०० ग्रॅम गुळात साधारण ३८० कॅलरी, साखरेत ४००. थोडं लोह वगैरे असतं, पण चहातल्या खड्यातून ते किती मिळणार, आणि रक्तातली साखर मात्र जवळपास तशीच वाढते. मधाचंही तेच. पुरणपोळी गुळाची आहे म्हणून तीन खाल्ल्या असं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ऐकलं की जीव कळवळतो, कारण संध्याकाळी तोच माणूस ४०० शुगर घेऊन येतो. सणाला एक खा, साखरेची असो की गुळाची, पण मोजून खा.

तसंच शुगर फ्री मिठाई आणि बिस्किटांचं. साखर नसली तरी मैदा आहे, खवा आहे, तूप आहे. पुष्कळदा साखरेऐवजी गोडीसाठी माल्टिटोल घातलेलं असतं, त्यातही कॅलरी असतात, थोडी शुगरही वाढते आणि जास्त खाल्लं की पोट बिघडतं.

कॅन्सरचं लोक घाबरून विचारतात. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं अॅस्पार्टेमला "कदाचित कॅन्सरकारक" या गटात टाकलं, म्हणजे पुरावा मर्यादित आहे. त्याच वेळी दुसऱ्या समितीनं रोजची मर्यादा होती तीच ठेवली, वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम. चहात दोन-तीन गोळ्या घेणारा माणूस तिथं पोहोचत नाही.

शुगर लो झाली आणि पाजला शुगर फ्रीचा चहा

हे आमच्याच घरात झालं म्हणून सविस्तर सांगतो. बाबांना शुगर आहे, ग्लिमेपिराइड ही शुगर कमी करणारी गोळी चालू आहे. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस, सकाळी गोळी घेतली, मजूर थांबले होते म्हणून अर्धीच भाकर खाऊन वावरात गेले. अकरा वाजता घामानं शर्ट ओला, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. सगळ्यांना वाटलं ऊन लागलं. आईनं थर्मासमधला चहा पाजला, तो शुगर फ्रीचा, काळजीनंच बनवलेला. दोनदा पाजला. काहीच फरक नाही, उलट बाबा जास्तच गळले. बाजूच्या वावरातल्या मावशीनं विचारलं, "काहून वो, गोड देलं का त्यायले?" आणि तिच्या डब्यातली साखर पाण्यात घोळून पाजली तेव्हा दहा-पंधरा मिनिटांत बाबा नीट बोलायला लागले. आई आजही ते आठवून रडते. तिची काहीच चूक नव्हती, आम्ही कोणी तिला सांगितलंच नव्हतं, आणि मेडिकलवर बसून मी सांगितलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून नीट वाचा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची शुगर ७० च्या खाली जाऊ शकते, खास करून कमी खाऊन जास्त मेहनत केली तर. मेटफॉर्मिन ही शुगरची दुसरी गोळी, नुसत्या तिच्यावर असं सहसा होत नाही. घाम, थरथर, धडधड, खूप भूक, चक्कर, उलटसुलट बोलणं दिसलं की खरी साखर द्यायची, तीन चमचे पाण्यात घोळून. मशीन जवळ असेल तर पंधरा मिनिटांनी परत तपासा, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच द्या, आणि बरं वाटलं की भाकर-भाजी खाऊ घाला. पेढा-बर्फी देऊ नका, त्यातल्या तुपा-खव्यामुळं साखर हळू चढते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच टाकायचं नाही, घशात अडकतं, सरळ १०८ ला फोन करा.

तसंच जुलाबाच्या पाण्याचं. एकीनं मला विचारलं होतं की सासूबाईंना शुगर आहे तर साखर-मिठाच्या पाण्यात शुगर फ्री टाकू का. नाही टाकायचं. त्या पाण्यातली साखर चवीसाठी नसते, तिच्यासोबतच मीठ आणि पाणी आतड्यातून शरीरात ओढलं जातं, ती काढली तर अर्धं काम गेलं. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. ओआरएसची पुडी असेल तर आणखी चांगलं, एक लिटरच्या पुडीत साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. शुगरवाल्यांनाही जुलाबात ते द्यायचं, सोबत शुगर तपासत राहायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा जुलाबात पाणी कमी पडलं तर माणूस फार लवकर खचतो.

आता बाबांच्या वावरातल्या पिशवीत साखरेची पुडी असतेच, आणि सोबतच्या मजुरांनाही ती कशासाठी आहे ते सांगून ठेवलंय. तुमच्या घरी कोणाला शुगर असेल तर डबी घ्यायला येताना चालू गोळ्यांची स्ट्रिप सोबत आणा, आमच्याकडं या नाहीतर तुमच्या गावच्या मेडिकलवर जा, आणि एवढंच विचारा की यातल्या कोणत्या गोळीनं शुगर एकदम खाली जाऊ शकते.