घरी बाइकची कामं करताय? पाना हलक्या हाताने फिरवा

घरी स्वतः बाइकची देखभाल करणारा माणूस सहसा आळशी नसतो आणि त्याच्या हातून होणारं बरंचसं नुकसान उत्साहापोटीच होतं. बोल्ट अजून थोडा आवळू, ऑइल अजून थोडं घालू, चेन अजून थोडी ताणू. खालच्या चुका बहुतेक याच ‘अजून थोडं’मधून आलेल्या आहेत.

ऑइल बदलताना

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ड्रेन बोल्ट (इंजिनाच्या तळाचा, ऑइल काढायचा बोल्ट) जीव खाऊन आवळणं. बोल्ट पोलादी आणि इंजिनाचा खालचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा. लांब दांड्याच्या पान्याने जोर लावला की अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. बरेचदा ते तेव्हा कळतही नाही. पुढच्या वेळी बोल्ट काढला की आट्यांची चकचकीत तार त्याच्याबरोबर बाहेर येते. बोल्ट आधी नुसत्या बोटांनी फिरवा. तो अडत असेल तर वाकडा बसतोय, परत काढून सरळ लावा. शेवटचा ताण मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) द्या. वॉशर दर वेळी नवा घाला. ऑइल झिरपायला लागलं की लोक बोल्ट अजून आवळतात, पण दोष बऱ्याचदा जुन्या दबलेल्या वॉशरचा असतो. आटे खरंच गेले असतील तर टेफ्लॉन टेप गुंडाळून गाडी रस्त्यावर काढू नका. बोल्ट वाटेत निसटला तर ऑइल थेट मागच्या टायरवर येऊ शकतं. वर्कशॉपमध्ये नवे आटे बसवून मिळतात, तेच करा.

दुसरी चूक ऑइलच्या मापाची. अनेक मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात: नुसतं ऑइल काढून भरताना लागणारं माप आणि इंजिन पूर्ण उघडल्यावर लागणारं जास्तीचं माप. घाईत दुसरा आकडा वाचला जातो. जादा ऑइल आत घुसळलं जाऊन त्याला फेस येतो, ते ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरपर्यंत पोचतं आणि इंजिन जड चालतं. पातळी तपासताना गाडी साइड स्टँडवर नको, सरळ उभी हवी. इंजिन काही मिनिटं चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग बघा. डिपस्टिक आट्यांत फिरवून बघायची की नुसती टेकवून, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. त्यातही चूक झाली की माप चुकलंच.

कारचं ऑइल बाइकमध्ये घालणं ही तिसरी. बहुतेक बाइकच्या क्लच प्लेट इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात, त्यामुळे डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (बाइकच्या ऑइलचे जपानी दर्जे) असलेलं ऑइल हवं. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि त्यांनी क्लच घसरू शकतो: आवाज चढतो, वेग चढत नाही. मात्र असं झालं की ऑइलला दोष देण्याआधी क्लचची केबल बघा. लिव्हरच्या टोकाला थोडा मोकळा प्ले (ताण लागण्याआधीची हालचाल) हवा, बऱ्याच गाड्यांना १० ते २० मिमी. तो शून्य असेल तरी क्लच असाच घसरतो.

चेनचं काम

एक नियम आधी, आणि त्याला अपवाद नाही: इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरती चेन कधीही पुसू नका. फडकं चेनमध्ये अडकतं आणि त्याच्याबरोबर बोटं स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चाकात) जातात. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवायचं.

चेन वाजते म्हणून ती ताठ करणं हाही नेहमीचा घोटाळा. मागे माणूस बसला किंवा खड्डा आला की सस्पेन्शन दबतं आणि दोन स्प्रॉकेटमधलं अंतर वाढतं. तेवढी ढिलाई चेनमध्ये नसेल तर सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. खालच्या बाजूला चेनच्या मधोमध वर-खाली हलवून माप घ्या. साध्या रोजच्या बाइकना साधारण २० ते ३० मिमी ढिलाई लागते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतो. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवत जिथे ती सर्वांत ताठ लागते तिथे माप घ्या. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा आणि एक्सल नट आवळल्यावर पुन्हा एकदा तपासा, कारण आवळताना माप सरकतं. मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक मागे सरकल्यामुळे ब्रेक पेडलचा प्लेही बदललेला असतो. हे हटकून विसरलं जातं.

ओ-रिंगच्या (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेल्या) चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश लावू नका, रबर खराब होतं. रॉकेल आणि मऊ ब्रश पुरे. ल्यूब चेनच्या आतल्या बाजूने, फेरी मारून आल्यावर लावा आणि जादाचं पुसून काढा, नाहीतर त्यावर धूळ चिकटून लगदा होतो.

ब्रेकला जपून

चेनवर स्प्रे मारताना डिस्कवर कापड टाका. डिस्कवर तेल उडालंच तर ब्रेक क्लीनरने स्वच्छ केल्याशिवाय गाडी हलवू नका. पॅड बदलल्यावर लिव्हर घट्ट होईपर्यंत दाबत राहा, नाहीतर पहिल्याच दाबाला लिव्हर सरळ ग्रिपला टेकतो. तरीही तो स्पंजासारखा मऊ लागला तर आत हवा आहे. ब्लीडिंग (ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढणं) कधी केलेलं नसेल तर ते जाणकाराकडून करून घ्या.

गाडी चालूच होत नसेल तर

काम करून झाल्यावर गाडी चालू झाली नाही तर लगेच इंजिन उघडायला जाऊ नका. किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), साइड स्टँड, प्लगची कॅप नीट बसली आहे का, बॅटरीचे टर्मिनल घट्ट आहेत का, हे आधी बघा. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह, म्हणजे पाना चुकून फ्रेमला लागला तरी ठिणगी उडत नाही. चालू होऊन गुदमरत असेल तर एअर फिल्टर आठवा: कागदी फिल्टर पाण्याने धुतला असेल तर तो बदलावाच लागेल. हे सगळं तपासताना इंजिन बंद खोलीत चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.