फावल्या वेळात छोटे ऑनलाइन गेम बनवून चार पैसे कसे मिळवायचे (गावात बसून)

आधीच सांगून टाकतो, यात नोकरी सोडण्याएवढे पैसे नाहीत. नेटचं बिल आणि रिचार्ज सुटलं तरी सुरुवातीला बेस्ट चाललंय समजा. पण आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात काळोख पडल्यावर करायला असतं काय, लाईट गेली तरी लॅपटॉपची बॅटरी असते, मग बसा की.

आयडिया एवढुशी घ्या. म्हणजे बघा, दाभोळ-धोपावे जेटीवर खाडी ओलांडायला फेरीबोटीत गाड्या चढवतात तो प्रकार, बाईक, रिक्षा, आंब्याचा टेम्पो बोटीवर असे बसवायचे की पलीकडे उतरताना कोणी कोणाला आडवं येणार नाही, बस, एवढाच गेम. एक स्क्रीन, एक नियम, दोन मिनिटांचा डाव. ब्राझीलमधल्या माणसाला दाभोळ माहीत नसलं तरी काय करायचंय ते बघून कळतं, आणि हे फार महत्त्वाचं आहे कारण खेळणारे बहुतेक बाहेरचेच असणार. खजिना, राक्षस, पन्नास लेव्हल वगैरे पहिल्या गेममध्ये नको, तो कधी पुराच होत नाही.

गेम बनवायची साधनं अशी: कोडिंग येत नसेल तर जीडेव्हलप, थोडं येत असेल तर गोडो (फुकट आहे, रॉयल्टी पण नाही), जावास्क्रिप्ट येत असेल तर फेझर. माझं मत फेझर, कारण गोडोचा वेब गेम उघडताना आख्खं इंजिनच (गेम चालवणारा मूळ प्रोग्राम) डाउनलोड होतं, फेझरचं वजन त्यामानाने काहीच नाही. आणि इथे आपला एक फायदा आहे जो पुण्या-मुंबईवाल्याला नाही: वायफाय बंद करा, रेंजची एकच कांडी येते त्या पडवीत उभे राहा आणि स्वतःचा गेम उघडा. तिथे पटकन उघडला तर कुठेही उघडेल. नाही उघडला तर फोटो-आवाज बारीक करा, कारण लोडिंग लांबलं की माणूस थांबत नाही, सरळ दुसऱ्या गेमवर जातो आणि त्याच्याबरोबर आपली जाहिरातींची कमाईही.

गेम झाला की आधी इच डॉट आयओवर (कोणालाही आपले गेम टाकता येतात अशी साइट) टाका. कमाईतला किती टक्का साइटला द्यायचा ते तिथे आपण ठरवतो, आधीपासून १० असतो, शून्यही करता येतो. पण ब्राउझरमध्ये खेळायच्या गेमला तिकीट लावता येत नाही, कोणी खुशीने दिलं तर दिलं, म्हणून तिथे पैशांपेक्षा लोक काय बोलतायत ते बघा, कुठे अडकतात ते दुरुस्त करा.

खरे पैसे पोकी, क्रेझीगेम्स असल्या पोर्टलवर. त्यांचा एसडीके (त्यांनी दिलेला तयार कोड) गेममध्ये बसवायचा, जाहिराती ते दाखवतात, वाटा आपल्याला. सगळेच गेम घेत नाहीत, नकार आला तर मनाला लावून घेऊ नका. ॲग्रीमेंटमध्ये ‘एक्सक्लुझिव्ह’ आहे का ते मात्र नीट वाचा, असेल तर तोच गेम दुसरीकडे टाकता येत नाही. नसेल तर तोच गेम तीन-चार साइटना लायसन्सवर (म्हणजे पैसे घेऊन वापरायला) द्या, हा मला सगळ्यात बरा धंदा वाटतो.

प्ले स्टोअर नंतर. २५ डॉलर एकदाच भरायचे ते ठीक, पण नवीन पर्सनल अकाउंटला १२ टेस्टर (गेम आधी वापरून बघणारे लोक) सलग १४ दिवस लागतात. गणपतीत चाकरमानी आले की जमवा, त्यांना दुसरं काम नसतं!

गुगलच्या जाहिराती लावल्यात तर १० डॉलर जमल्यावर पत्ता तपासायचा पिन साध्या पोस्टाने येतो. पत्त्यात वाडी, पोस्ट, तालुका सगळं लिहा आणि पोस्टमनला आधीच सांगून ठेवा. १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे येत नाहीत. नाव पॅन आणि बँकेत असेल तस्संच टाका, स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडेतिकडे झालं तरी पेमेंट लटकू शकतं. आलेली रक्कम आयटीआरमध्ये दाखवायची.

आणि कोणी म्हणालं की ‘पैसे लावून खेळायचा रमी बनवून दे, चांगले देतो’, तर सरळ नाही म्हणा. २०२५ च्या कायद्याने असले गेम चालवायला बंदी आहे, कौशल्याचा म्हणून सूट नाही, तीन वर्षांपर्यंत जेल किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही.