डायपर ओला होता, म्हणून मी निर्धास्त राहिले

स्टाफ नर्स म्हणून नऊ वर्षं झाली. नव्या मुली ड्युटीवर येतात आणि विचारतात, "सिस्टर, अल्झायमरचा पेशंट कसा सांभाळायचा?" मला दर वेळी एकच आजी आठवतात. त्यामुळे पुस्तकातलं बरंचसं मी इथे सांगणार नाही. ते तुम्ही परीक्षेला लिहून आलेल्या आहात.

आजी कोल्हापूरकडच्या एका खेड्यातल्या, वय ७८. अंगणात पडून खुबा मोडला होता. अल्झायमर चार वर्षांपासून, पण घरात चालत्या-फिरत्या. सुनेला ओळखायच्या, हाताला धरून नेलं की बाथरूमला जायच्या. कमरेत भूल देऊन ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी रक्ताची एक पिशवी चढली, आणि त्याआधी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे ॲलर्जी उठू नये म्हणून ॲव्हिलचं इंजेक्शन दिलं गेलं. चार वाजता कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, काढला. रात्री आठला मी नाईटला आले. हँडओव्हर मिळाला तो एवढाच: "सहा नंबर, अल्झायमर, जरा त्रास देतात."

दहाच्या सुमाराला त्या उठून बसायला लागल्या. "सोड गं मला, म्हस हंबरतीया, धार काढायची हाय." गाऊन वर ओढायच्या, पाय रेलिंगबाहेर टाकायच्या. मी दोनदा डायपर पाहिला, दोन्ही वेळा ओला होता, दोन्ही वेळा बदलला. म्हटलं, लघवी होतेय, सलाईन नीट चाललंय, ताप नाही, म्हणजे हा आजारच. साडेअकराला डॉक्टरांना फोन केला. त्यांनी फोनवरच झोपेचं इंजेक्शन सांगितलं, मी ते दिलं. दोन्ही मनगटं बँडेजने रेलिंगला बांधली. वॉर्डात ३२ पेशंट होते, मी होते आणि एक मावशी. बारानंतर आजी गप्प झाल्या. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'रात्री शांत झोप.'

सकाळी इन्चार्ज सिस्टर आल्या. कागद न बघता त्यांनी आजींच्या ओटीपोटावर हात ठेवला आणि माझा हात धरून तिथेच टेकवला. बेंबीपर्यंत कलिंगडासारखं टणक लागलं. कॅथेटर घातला तर ११०० मिली लघवी आली. मोठ्या माणसाला साधारण तीन-चारशे मिलीला जोराची लागते. आजींनी त्याच्या जवळजवळ तिप्पट लघवी पोटात धरून, हात बांधलेल्या अवस्थेत रात्र काढली होती. गाऊन वर ओढून त्या मला तेच सांगत होत्या.

इथे थांबून नीट वाचा, कारण हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मूत्राशय पूर्ण भरून ताणला गेला की वरचेवर थोडी थोडी लघवी आपोआप गळते. टाकी भरल्यावर वरून पाणी सांडतं, तसं. टाकी रिकामी होत नाही, नुसती सांडते. त्यामुळे ओल्या डायपरवरून लघवी 'झाली' असं कधीच ठरवायचं नाही. तो डायपर हातात घेऊन बघा. जड आहे की नुसता दमट? पुन्हा पुन्हा थोडासाच ओला होतोय का? कॅथेटर कधी काढला आणि त्यानंतर मोजून किती लघवी झाली? त्या रात्री चार्टवर चारनंतरचा आउटपुटचा रकाना कोरा होता. मी तो पाहिला होता आणि 'डायपर आहे ना' म्हणून सोडून दिला होता. कॅथेटर काढल्यावर सहा तासांत भरपूर लघवी झाली नसेल तर ओटीपोटावर हात ठेवा, बोटांनी ठोकून बघा, मूत्राशय बघायचं मशीन असेल तर ते लावा, आणि डॉक्टरांना फोन करताना झोपेच्या इंजेक्शनच्या आधी हे सांगा. कमरेतली भूल, ॲव्हिल, त्याच्याच जातीचं फेनरगन, बद्धकोष्ठ, सतत आडवं पडून राहणं, यातलं प्रत्येक लघवी अडवू शकतं. आजींच्या वाट्याला फेनरगन सोडून सगळं आलं होतं.

ॲव्हिलबद्दल आणखी थोडं. अल्झायमरमध्ये देतात ती डोनेपेझिलची गोळी मेंदूतलं ॲसिटिलकोलीन, म्हणजे आठवणीला लागणारं रसायन, टिकवून धरते, आणि ॲव्हिल, फेनरगन त्याचंच काम अडवतात. एका हाताने द्यायचं, दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं. आजींची तर गोळीच घरी राहिली होती. ॲडमिशनच्या वेळी कुणी विचारली नाही, सुनेला वाटलं हॉस्पिटलवाले देत असतील. पाच दिवस गोळी नाही, वर ॲव्हिल. म्हणून ॲडमिशनलाच घरच्या गोळ्यांची पिशवी मागून घ्या, आणि रक्ताआधी ॲव्हिल लिहिलेलं दिसलं की पेशंटला डिमेन्शिया (अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश) आहे हे डॉक्टरांना आठवून द्या. ते रागावतील ही भीती मला होती. बहुतेक जण रागावत नाहीत.

ताण कमी झाल्यावर आजी सुधारतील असं वाटलं होतं. पुढचे चार दिवस त्या गप्प पडून राहिल्या. खायला दिलं तर घास गालात धरून ठेवायच्या. वॉर्डात सगळ्यांना बरं वाटलं, आता त्रास नाही म्हणून. तो डिलिरियम होता, म्हणजे आजारपणात अचानक येणारा गोंधळ, आणि तोही गप्प करणारा. आरडाओरडा करणारा पेशंट निदान सगळ्यांना दिसतो, गप्प पडलेला राउंडमध्ये मागे राहून जातो. अल्झायमर महिन्या-वर्षांनी वाढतो. काल-परवात बदल झाला, सकाळी एक आणि दुपारी एक असं व्हायला लागलं, बोलता बोलता लक्ष निसटायला लागलं, तर ते अल्झायमरच्या खात्यात टाकू नका. लघवी, संडास, दुखणं, ताप, ऑक्सिजन, साखर, सोडियम, नवं औषध, यातलं काहीतरी सापडतं. मी पेशंटला वार उलटे म्हणायला सांगते आणि घरच्यांना विचारते, "मागच्या आठवड्यात जमलं असतं का?" त्यांच्या उत्तरावर माझा भरवसा जास्त.

आणि घरचे म्हणजे कोण? फॉर्मवर सही मुलगा करतो. भरवते, न्हाऊ घालते ती सून, लेक किंवा कामाची बाई. तिला गाठा. आजींच्या सुनेनेच मला सांगितलं की रोज सहाला त्यांना म्हशी आठवतात, आणि "धार काढून झाली, दूध डेअरीला घातलं" एवढं म्हटलं की त्या निवांत होतात. मी आदल्या रात्री दोन तास "आजी, इथं म्हस नाही, हे हॉस्पिटल आहे" असं समजावत बसले होते. चष्मा आणि कानातलं मशीन सुनेच्या पिशवीतच होतं, हरवेल म्हणून काढून ठेवलेलं.

दुखण्याचं वेगळं सांगते. "दुखतंय का?" विचारलं की हे पेशंट बहुतेकदा "नाही" म्हणतात. प्रश्न पोचलेला नसतो. एसओएस, म्हणजे 'लागली तर द्या' म्हणून, लिहिलेली पॅरासिटामॉल त्यांना मिळतच नाही, कारण ती मागावी लागते. ठरलेल्या वेळी लिहून मागा. पेनॅड नावाची दुखणं मोजायची मोजपट्टी आहे: श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची ठेवण आणि जवळ घेतल्यावर शांत होतात का, प्रत्येकाला शून्य ते दोन, एकूण दहा. दोन मिनिटांत होते. ड्रेसिंग करताना बघा, नुसतं पडलेलं असताना बघून उपयोग नाही.

रिव्हास्टिग्मिनचा, म्हणजे अल्झायमरच्या औषधाचा, कातडीवर चिकटवायचा पॅच असेल तर नवा लावायच्या आधी पाठ, दंड, छाती उघडून जुना शोधून काढा. दोन पॅच अंगावर राहिले तर नाडी मंद होते, उलट्या होतात.

माझं स्पष्ट मत आहे की हात बांधणं आणि चालत्या माणसाला डायपर लावणं या आपल्या सोयीच्या गोष्टी आहेत, पेशंटच्या नाहीत. माणसं कमी आहेत हे खरं. ३२ पेशंटांत दर दोन तासांनी एकाला बाथरूमला नेणं सोपं नाही, मला ते रोज जमतं असंही नाही. पण बांधलेला माणूस जास्त झगडतो, आणि त्यात गेलेला वेळ कुणी मोजत नाही. 'अल्टर्ड थॉट प्रोसेस' म्हणून तयार केअरप्लॅन उतरवायचा शॉर्टकटही सोडा. त्यात म्हस नसते. शिकायचं तर ज्या सिनियर बेडपाशी नेऊन दाखवतात त्यांच्यामागे लागा, त्या कितीही ओरडोत. वॉर्डातल्या मावशींना विचारा. त्या रात्री मावशी मला म्हणाल्या होत्या, "सिस्टर, आजींचं पोट बघा की." मी ऐकलं नाही.

घाबरून जाऊ नका मात्र. हे पेशंट मानसोपचार विभागातच असतात असं नाही. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ साली आला, आणि ही माणसं खुबा मोडून, न्यूमोनिया होऊन, डायलिसिसला आपल्याच वॉर्डात येतात. चूक तुमच्याकडूनही होईल. मी पुढचे सहा महिने नाईटला गेले की आधी सहा नंबरकडे बघायचे, तिथे कुणीही असो. समोरून जायचं, डोळ्यांच्या पातळीला यायचं, नाव सांगायचं, एका वेळी एकच गोष्ट सांगायची आणि उत्तराला वेळ द्यायचा, हे हळूहळू अंगवळणी पडतं.

आजी तेराव्या दिवशी वॉकर धरून घरी गेल्या. मनगटावरचे वळ गेले होते. त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं. सुनेला मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग गोळ्यांची पिशवी पुढे करून कोणती कधी द्यायची ते विचारू लागली.

'शांत झोप' मी त्यानंतर रिपोर्टमध्ये लिहिलेलं नाही. काल रात्रीच्या बेड अकराचं असं लिहिलंय: 'हाक मारल्यावर डोळे उघडले, मुलीचं नाव सांगितलं. दोनला आणि पाचला कमोडवर, एकूण ५५० मिली. ओटीपोट मऊ. कूस बदलताना कण्हतात, पॅरासिटामॉल सहाला दिली. चष्मा उशाशी.'