ओझरच्या आकाशात एएन-३२ कसे ओळखावे?

नाशिकजवळील ओझरच्या धावपट्टीकडे, दहाव्या मैल या ठिकाणाच्या परिसरातून उतरणारे प्रोपेलरचे लष्करी विमान दिसले, तर आधी त्याची इंजिने मोजावीत. चार असतील तर ते बहुधा सी-१३०जे हे मालवाहू विमान असते. दोनच असतील तर ती पंखाच्या वर आहेत की खाली, हे नीट पाहावे, कारण एएन-३२ या हवाई दलाच्या मालवाहू विमानाची सारी जन्मकथा तेथेच दडलेली आहे.

या कुळाचा आरंभ १९५९ साली प्रथम उडालेल्या एएन-२४ या प्रवासी विमानापासून होतो. त्यातूनच पुढे शेपटाखाली रॅम्प (माल चढवण्याचा उतरता दरवाजा) असलेले एएन-२६ हे मालवाहू विमान घडले आणि १९६९मध्ये उडाले. हा रॅम्प धडाखाली पुढे सरकवता येत असल्याने ट्रक थेट विमानाच्या दाराशी लावता येतो. मला ही रचना फार मोलाची वाटते. मात्र उन्हाळ्याची तापलेली हवा आणि हिमालयातील उंच धावपट्ट्या यांपुढे त्याची एआय-२४ इंजिने कमी पडणारी होती. म्हणून भारताची गरज समोर ठेवून सुमारे ५,१८० अश्वशक्तीची दोन एआय-२० इंजिने बसवण्यात आली आणि त्यांचे मोठे प्रोपेलर जमिनीला व धडाला लागू नयेत यासाठी ती पंखाच्या वर चढवावी लागली. समोरून पाहिल्यास पंखावर दोन हंडे आडवे ठेवल्यासारखे दिसतात. असे घडलेले एएन-३२ १९७६मध्ये प्रथम उडाले आणि १९८४पासून भारतीय हवाई दलात आले. ३१ मे २००८ रोजी लडाखमधील पाच हजार मीटरहून उंच दौलत बेग ओल्डी येथे ४३ वर्षांनंतर उतरलेले विमान हेच होते.

हवाई दलाचे नवे मालवाहू विमान सी-२९५ही दोन इंजिनांचेच असल्याने तेथे गफलत होते. त्याच्या प्रोपेलरला सहा पाती असतात, एएन-३२च्या प्रोपेलरला चार. जुन्या अॅव्ह्रो या दोन इंजिनांच्या विमानाचे पंख धडाच्या खालच्या बाजूस असतात, त्यामुळे ते लगेच वेगळे पडते.

उपप्रकार सांगताना मात्र संयम ठेवावा. आग विझवणाऱ्या एएन-३२पीच्या धडाला बाहेरून पाण्याच्या टाक्या असतात, म्हणून ते चटकन ओळखू येते. युक्रेनबरोबरच्या २००९च्या करारानुसार सुधारलेल्या एएन-३२आरईमधील महत्त्वाचे बदल कॉकपिटमधील उपकरणांत आहेत, त्यामुळे जमिनीवरून पाहून ‘आरई’ असे ठामपणे लिहू नये. वहीत दिनांक, वेळ, इंजिनांची जागा आणि पात्यांची संख्या एवढेच नोंदवावे. विमानतळ लष्करी वापराचा असल्याने छायाचित्र घेण्याचा मोह टाळावा.