तंबोऱ्यातली टकटक आणि हेल्पचा पॅच

नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी आईच्या रियाझासाठी मी प्युअर डेटा या सॉफ्टवेअरमध्ये, पडद्यावरच्या चौकटी तारांनी जोडून, तंबोरा तयार केला. पण आवाज कमी-जास्त करण्याची पट्टी सरकवली, की स्पीकरमधून टकटक ऐकू येई. आधी वायरवर संशय घेऊन नवी आणली, तरी फरक पडला नाही.

उत्तर सॉफ्टवेअरच्या आतच होते. मिलर पकेट यांनी १९९० च्या दशकात घडवलेल्या या प्रणालीत कोणत्याही चौकटीवर राइट क्लिक करून ‘हेल्प’ निवडले, की नुसता मजकूर नव्हे, तर चालता पॅच, म्हणजे जोडलेल्या चौकटींची मांडणी, उघडतो, जो वाजवून पाहता येतो आणि ज्यातला हवा तो भाग उचलून आपल्या कामात वापरता येतो. शिकणाऱ्यासाठी याहून चांगली सोय माझ्या पाहण्यात नाही. तिथून कारण उलगडले: ध्वनी ६४ नमुन्यांच्या (क्षणोक्षणीच्या मोजमापांच्या) तुकड्यांत मोजला जातो आणि पट्टीचा आकडा दोन तुकड्यांच्या मध्ये एकदम उडी मारतो, ती उडीच टकटक होऊन ऐकू येते. म्हणून पट्टीनंतर ‘पॅक ० ३०’ आणि ‘लाइन टिल्ड’ या दोन चौकटी जोडल्या, जेणेकरून प्रत्येक बदल ३० मिलिसेकंदांत सावकाश घडेल.

तरीही शेवटची जोडणी होईना. तंबोऱ्याचा ध्वनी पट्टीच्या आकड्याने गुणणाऱ्या चौकटीत मी आधीच ०.५ लिहून ठेवले होते, आणि तसा आकडा लिहिला, की तिचे उजवे तोंड ध्वनिसंकेत घेतच नाही. आकडा पुसला, तार जोडली. आईने षड्ज लावला, मी पट्टी हळूहळू वर नेली आणि तंबोरा स्वच्छ वाजत राहिला. हे सगळे मी आता मराठीत टिपून त्याच पॅचशेजारी ठेवले आहे.